गोलकीपर, तराफा आणि काळा दगड

देवास

आमच्या वसाहतीत फुटबॉल खेळला जातो, असे म्हणण्याची पद्धत आहे. दर रविवारी सकाळी कारखान्यामागच्या मुरमाड मैदानावर सांगली-साताऱ्याकडून नोकरीसाठी माळव्यात आलेली डझनभर पगारदार माणसे एका चेंडूमागे धावतात, आणि चेंडू आपली प्रतिष्ठा राखून त्यांच्यापासून दूर राहतो. या उपक्रमाचे सचिव माझे यजमान आहेत. त्यांना घरात काही सांगावे लागले तर ते 'ठराव' मांडतात. म्हणून मीही त्यांना सचिव म्हणते.

दसऱ्याच्या सुट्टीत सचिवांनी ठराव मांडला की, टीमने दौऱ्यावर जावे. पहिला सामना धारला, दुसरा नर्मदाकाठी, धरमपुरीच्या खाली तीन कोसांवरच्या एका गावच्या जत्रेत. माझी नेमणूक 'व्यवस्थापिका' म्हणून झाली. आयोडीनची बाटली, कापूस आणि मराठी कवितेतली एम.ए.ची पदवी एवढ्या सामग्रीवर मी हे पद स्वीकारले. एक बाई सोबत असली की खेळाडू रेफरीला शिव्या देत नाहीत, असा सचिवांचा सिद्धांत होता. खेळाडूंनी तो पहिल्या अर्ध्या तासातच खोटा पाडला.

निघताना टेम्पोपाशी मालतीताई आल्या. आमचे गोलकीपर भालेराव यांच्या त्या पत्नी. भालेरावभाऊजी कारखान्यात फोरमन. वय बावन्न, पोट सुटलेले, हात मात्र लोहाराचे. मालतीताईंनी माझ्या हातात मेथीच्या पुऱ्यांचा डबा दिला आणि बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, एवढं बघा. ह्यांना नदी ओलांडू देऊ नका. आठ वर्षांची चाल आहे."

ही आठ वर्षांची चाल सांगायला हवी. नर्मदेची परिक्रमा म्हणजे नदी उजव्या हाताला ठेवून एका तटाने उगमापर्यंत चालत जायचे, तिला वळसा घालून दुसऱ्या तटाने समुद्रापर्यंत उतरायचे, आणि पुन्हा निघालो त्या घाटावर यायचे. नियम पुष्कळ आहेत. न मोडणारा एकच. मध्ये कुठेही नदी ओलांडायची नाही. ओलांडली की झालेले सारे चालणे पाण्यात, आणि पहिल्या घाटावरून नवी सुरुवात. साधुसंत ही परिक्रमा वैराग्यावर करतात; भालेरावभाऊजी ती किरकोळ रजेवर करीत होते. दर वर्षी आठ-दहा दिवस चालायचे, जिथे थांबले तिथली खूण मनात ठेवायची, घरी येऊन पाळीवर हजर व्हायचे, आणि पुढच्या वर्षी त्याच खुणेपासून पाऊल उचलायचे. धरमपुरीच्या घाटावर संकल्प सोडून ते उत्तर तटाने चढत चढत जबलपूरपर्यंत पोचले होते. जबलपूरला जाताना इटारसीच्या गाडीने गेले तर पुलावरून नदी ओलांडली जाते, म्हणून हा गृहस्थ बीना-कटनीचा भला मोठा वळसा घालून जात असे. नदीचा वरचा वळसा घेऊन दक्षिण तटाला लागण्याआधी आपण निवृत्त होऊ, म्हणजे मग तिकडून घरी परतण्यासाठी मध्येच नदी ओलांडावी लागणार नाही, असा त्यांचा पक्का हिशेब होता.

"तुम्ही नाही गेलात कधी?" मी मालतीताईंना विचारले.

"दोनदा गाठोडं बांधलं. दोन्ही वेळा सासूबाई आजारी पडल्या. तिसऱ्यांदा बांधलंच नाही." त्या हसल्या. सासूबाई गेल्याला तेव्हा वर्ष होत आले होते. "नवस माझा होता, वहिनी. पाय ह्यांचे निघाले."

टेम्पोतून भालेरावभाऊजींनी हाक मारली, "अगं, डबा दिलास ना?" आम्ही निघालो.

धार

धारला सकाळी न्याहारीला पोहे मिळाले. आमच्याकडे साताऱ्याला पोह्यांवर ओले खोबरे आणि लिंबाची फोड येते, तीही संकोचून. माळव्यात पोह्यांवर शेवेचा डोंगर, शेवेवर जिरावन नावाचा तिखट-आंबट मसाला आणि शेजारी गरम जिलेबी असा थाट असतो. दहा वर्षे मी या पदार्थाला नाके मुरडली. धारच्या चौकात उभ्याने दुसरी प्लेट मागितली तेव्हा सचिवांनी काहीही न बोलता माझ्याकडे पाहिले. ते मौन ठरावाहून लांब होते.

धारची टीम जुन्या संस्थानी मराठी घरांतल्या मुलांची. त्यांचे आजे-पणजे दरबारात कारभारी; नातवंडे आता बँकेत, शाळेत. त्यांचे आश्रयदाते काकासाहेब, निवृत्त हेडमास्तर. कोट घालून ते मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते आणि फुटबॉलकडे एखाद्या चुकीच्या शुद्धलेखनाकडे पाहावे तसे पाहत होते.

सामना गोलशून्य चालला होता. उन्हे कलली होती, चुन्याची रेषा केशरी दिसत होती आणि चेंडूच्या ओल्या कातड्याचा वास नाकात बसला होता. शेवटच्या पाच मिनिटांत धारच्या एका पोराने मारलेला सरपटता चेंडू भालेरावभाऊजींच्या पोटाखालून निसटला आणि रेषेपलीकडे गेला. त्यांनी पालथे होऊन तो झटकन मागे ओढला. रेफरी होता मैदानाच्या मध्यावर आणि सूर्य होता रेफरीच्या डोळ्यांत. त्याने खेळ चालू ठेवण्याची खूण केली. आमचा स्ट्रायकर राजू आनंदाने नाचू लागला.

भालेरावभाऊजी उठले, गुडघ्यांवरची माती झटकली आणि हात वर केला. "साहेब, गेला होता आत. पूर्ण गेला होता."

राजू देवासातच जन्मलेला. त्याची मराठी आईकडून आलेली, हिंदी गल्लीतून. "अरे भिया!" तो ओरडला, "आपको पूछा किसने था? रेफरी बघत नव्हता ना, मग बस ना!"

आम्ही एक गोलाने हरलो. टेम्पोकडे जाताना मी म्हणाले, "भाऊजी, तुमच्यासारखा गोलकीपर मिळाला तर समोरच्या टीमला स्ट्रायकर पोसायची गरजच नाही."

सगळे हसले. भाऊजीही हसले. "वहिनी, तुम्ही कुणाची भीड धरून बोलत नाही, म्हणून तुमच्या बोलण्याचा भरवसा वाटतो. ही बाकीची मंडळी मला 'काय सेव्ह मारला' म्हणतात, तेव्हा मला कळतं की चेंडू बाहेरच चालला होता."

माझ्या तिरकस जिभेची कुणी इतकी सरळ किंमत केल्याचे मला आठवत नाही. त्या वेळी मला ते आवडलेही. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे ठाऊक नव्हते.

रात्रीचे जेवण काकासाहेबांकडे होते. पुरणपोळी, कटाची आमटी आणि त्याच ताटात माळव्याचे बाफले: उकडून मग भाजलेले, तुपात बुचकळलेले कणकेचे गोळे. शंभर वर्षांत या घराने स्वतःची मराठी बदलू दिली नव्हती. ताटाला मात्र फितूर होण्याची मुभा होती. "आपण उदईक धरमपुरीस जाणार म्हणतां," काकासाहेब म्हणाले, "तर पैलतीरीं दर्शनास अवश्य जावें."

"मला नाही जाता यायचं," भाऊजी म्हणाले आणि कारण सांगितले.

काकासाहेबांनी वाढप्याला हाताने थांबवले. फुटबॉलकडे पाहण्याची नजर त्यांनी बाजूला ठेवली. "आठ वर्षें? मग आपण आज तो गोल कबूल केलात, त्यांत नवल तें काय!" आणि त्यांनी स्वतःच्या हाताने भाऊजींच्या पोळीवर तूप सोडले. राजूची पोळी कोरडीच राहिली.

धरमपुरी

धारचे पठार संपले की रस्ता निमाडात उतरतो आणि हवा अंगावर जड होते. खाली कापसाची बोंडे फुटू लागली होती. खळ्यांत वाळत घातलेल्या मिरच्यांचा लाल उग्र दर्प टेम्पोत शिरून सगळ्यांना सारखे शिंकवत होता. आणि मग नर्मदा. मी नदीवर बऱ्याच कविता वाचल्या आहेत, दोन-तीन लिहिल्याही आहेत. त्यांपैकी एकीतही नदीला वास नव्हता. इथे होता: ओल्या दगडाचा, शेवाळाचा, शिळ्या झेंडूचा. पाऊस नुकताच सरला होता; पाणी निवळले होते, पण त्याचा जोर ओसरला नव्हता.

घाटावर बातमी मिळाली की जत्रेच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा नाल्याचा पूल पुरात वाहून गेला आहे. कोणाही शहाण्या माणसाने सामना रद्द केला असता. सचिवांनी टेम्पोच्या टपावरून ट्रकच्या सहा फुगवलेल्या ट्यूबा उतरवल्या.

पूल नसल्याचे यांना देवासातच ठाऊक होते, हे मला तेव्हा कळले. त्यांनी एका इंग्रजी मासिकात परदेशी लोक रबरी तराफ्यावरून खळाळत्या नद्या उतरतानाची छायाचित्रे पाहिली होती. त्या लोकांच्या डोक्यावर शिरस्त्राणे होती, अंगात तरंगणारी जाकिटे होती. आमच्याकडे कारखान्याच्या भंगारातल्या ट्यूबा, घाटावर घेतलेले बांबू, सुंभ आणि सचिव होते.

दुपारपर्यंत दोन तराफे बांधून झाले. वाट दाखवायला दोन नावाडी मिळाले. आमच्या तराफ्याचा मांगीलाल, नदीवरच पिकलेला म्हातारा. त्याने ट्यूबेला बोटाने टोचून पाहिले. "हवा पे बैठ के मैया में उतरोगे, साब?"

"विज्ञान आहे, बाबा," सचिव म्हणाले.

"होयगा," मांगीलाल म्हणाला, आणि त्याने नदीला हात जोडले. विज्ञानाला जोडले नाहीत.

भालेरावभाऊजी त्याच्यापाशी गेले. प्रवाहाचा मध्य ओलांडला तरी नदी ओलांडली असेच धरतात, तेव्हा मध्य ओलांडायचा नाही, हे त्यांनी त्याला सांगितले. त्यात मांगीलालला नवीन काही नव्हते. परिक्रमावासी तो जन्मभर पाहत आला होता. खाली कोसभरावर, जिथे नदी खडकांतून उड्या मारते, तिथे ऐन मध्यावर शेंदूर लावलेला एक काळा दगड आहे, त्याने सांगितले. काठावरचे सगळे त्यालाच मध्य मानतात. "उसके इधर की धार से निकाल दूँगा. थोड़ा उछलेगा, पण इधर ही रहेगा. बस, कोई हाथ मत लगाना."

"मी चालतच जातो काठाने," भाऊजी म्हणाले.

"काट्याकुट्यांतून तीन कोस चालून, मधला नाला उतरून तुम्ही सामन्याला पोचणार कधी?" सचिव म्हणाले. "गोलमध्ये उभं कोण राहणार? मी?" या प्रश्नाने सगळी टीम हादरली. भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मालतीताईंचे शब्द मला आठवले, पण म्हातारा इतक्या खात्रीने बोलला होता की मी म्हणाले, "बसा. नावाड्याने हात लावू नका म्हटलंय. आमच्या सचिवांना हात न लावण्याचा दांडगा अनुभव आहे. घरात ते कशालाच लावत नाहीत."

ही माझी चूक. ती मी इथे नोंदवून ठेवते.

पहिला कोस सुखाचा गेला. तापलेल्या रबराचा वास, बांबूंचे कुरकुरणे, बोटांतून सरकणारे गार पाणी. दुसरा तराफा, उरलेली टीम घेऊन, मागून येत होता. मग दुरून एक आवाज येऊ लागला, पुष्कळ लोक एका सुरात कुजबुजत असावेत तसा. तो वाढत वाढत कानांत मावेनासा झाला, आणि पाणी पांढरे झाले.

मांगीलाल मागे उभा राहून लांब बांबूने तराफा उजव्या धारेला लावत होता. समोर तो काळा दगड दिसला. शेंदूर ओला, झगझगीत. आम्ही त्याच्या अलीकडे, उत्तरेच्या बाजूला होतो. सारे ठीक चालले होते. आणि नेमके तेव्हा सचिवांना मासिक आठवले. छायाचित्रांत सगळेच वल्ही मारीत होते. बसायची फळी उपसून ते ओरडले, "राजू, लेफ्ट! जोर लाव!"

"साब, हाथ मत लगाओ!" मांगीलाल किंचाळला.

फळी खडकाला लागली. तराफा स्वतःभोवती फिरला, एकदा, दोनदा, आणि धारेने त्याला उचलून पलीकडे टाकले. भालेरावभाऊजी चेंडू पोटाशी धरून पालथे पडले होते, डोळे मिटून, तोंडावर पाणी. राजू "मैया! मैया!" करीत होता. सचिवांच्या हातात फळी नव्हती, आणि नाकावर चष्माही नव्हता. मी एका सुंभाला लटकून उत्तर तटाकडे पाहत होते. तिथे पळसाची एक ओळ होती. त्या ओळीच्या आणि माझ्या मध्ये काळा दगड होता. स्वच्छ. त्यावरचा शेंदूर मला मोजता आला असता.

क्षणभरच. पुढच्याच वळणावर मांगीलालने शरीराचा सगळा भार टाकून तराफा पुन्हा उत्तरेला आणला आणि संथ पाण्यात काठाला लावला. दुसरा तराफा आमच्यामागून अलीकडच्या धारेने उड्या मारीत निघाला आणि हसतखिदळत किनाऱ्याला लागला. त्यावर सचिव नव्हते.

भाऊजी वाळूवर बसले. ओठ निळे पडले होते. म्हणाले, "ओलांडली का?"

"छे!" सचिव म्हणाले. इतक्या चटकन मी त्यांना कधी उत्तर देताना पाहिले नाही. "बिलकूल नाही. दगडाला घासून इकडूनच आलो."

"तुमचा चष्मा कुठाय?" भाऊजींनी विचारले. सचिवांनी नाक चाचपले.

"नाही ओलांडली भिया, कसम से," राजू म्हणाला. "आणि समजा थोडीशी गेली असेल. तुम्हीच सांगता ना, बॉल पूरा लाइन के पार गेला तरच गोल. आपला तराफा पूरा कुठे गेला?"

भाऊजींनी मांगीलालकडे पाहिले. म्हातारा बांबू पुसत होता. "मैया जाने," तो म्हणाला आणि बांबू पुसतच राहिला.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"वहिनी, तुम्ही सांगा. तुम्ही उगाच गोड नाही बोलत."

मला कोणकोणती उत्तरे सुचली, ते सांगत नाही. कवितेच्या अभ्यासाने एवढे तरी येतेच. पाणी डोळ्यांत होते, असे म्हणता आले असते. दिशा कळली नाही, असेही. सचिव मला डोळ्यांनी एक ठराव पाठवीत होते आणि सबंध टीम त्याला अनुमोदन देत होती. त्यांच्यासमोर आठ वर्षांच्या रजा होत्या, बीना-कटनीचे वळसे होते, जबलपूरचा घाट होता. माझ्यासमोर धारची ती केशरी रेषा होती, आणि गुडघे झटकून वर गेलेला एक हात.

"ओलांडली," मी म्हणाले. "पूर्ण ओलांडली. दगड माझ्या आणि काठाच्या मध्ये होता."

राजूने तोंड फिरवले, पाठमोराच म्हणाला, "क्या वहिनी, आप भी!"

भाऊजींनी खिशातली छोटी बाटली काढली. तिच्यात आठ वर्षांपूर्वी धरमपुरीच्या घाटावर भरलेले जल होते. वाटेतल्या घाटाघाटांवर त्यात थोडी थोडी भर पडली होती. ती त्यांनी नदीत रिकामी केली. त्याला फारसा वेळ लागला नाही. मग म्हणाले, "चला, सामना किती वाजता आहे?"

सामना चार वाजता होता. भाऊजींनी त्या दिवशी जसे गोल अडवले, तसे अडवताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिले नाही. चेंडूवर त्यांचा वैयक्तिक राग असावा असे ते झेपावत होते. आम्ही दोन गोलांनी जिंकलो. कोणालाही आनंद झाला नाही. जत्रेच्या पंचांनी दिलेली पितळी ढाल परतीच्या वाटेवर सचिवांच्या मांडीवर होती, आणि ते तिच्यामागे लपल्यासारखे दिसत होते.

परतलो ते नाल्यापर्यंत बैलगाडीने, तिथून पायी. ट्यूबा गावाला दान केल्या.

पुन्हा देवास

वसाहतीच्या फाटकात मालतीताई उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य सबंध टीममध्ये नव्हते. सगळे ढाल उतरवण्यात गुंतले. ढाल एका हातात मावेल एवढी होती.

भाऊजींनी स्वतःच सांगितले. उतरल्या उतरल्या, एका वाक्यात. "मालती, मोडली. मी डोळे मिटले होते. वहिनींनी पाहिलं."

त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगितलंत यांना?"

"हो." मी शिव्याशापांना तयार होते. ते मला रास्त वाटले असते. डबाही मी त्यांचा पाण्यात घालवला होता.

मालतीताई घरात गेल्या. आम्ही पायरीवर तसेच उभे राहिलो. आतून ट्रंकेचे झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास बाहेर आला. त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात पांढरे नऊवारी लुगडे होते, परिक्रमेला नेसतात तसले. घडीवर आठ वर्षांची पिवळट रेघ पडली होती.

"धरमपुरीपासून ना?" त्यांनी नवऱ्याला विचारले.

"पहिल्या घाटापासून."

"बरं." त्यांनी लुगडे झटकले. घडीची रेघ गेली नाही. "मागच्या वेळी माझ्यावाचून निघालात. नवस कुणाचा, पाय कुणाचे. मैयालाही ते पटलं नसेल." मग माझ्याकडे न पाहता, लुगड्याचा पदर उन्हात धरून म्हणाल्या, "सगळे नाही म्हणाले असतील. तुम्ही हो म्हणालात. बरं केलंत, वहिनी."

भाऊजी पायरीवर बसले आणि दौऱ्यात पहिल्यांदाच त्यांनी डोळे पुसले. राजूने ढाल खाली ठेवली.

दिवाळी झाल्यावर मी त्या दोघांना सोडायला धरमपुरीला गेले. सचिवही आले, नदीला हात लावणार नाही, असे त्यांच्याकडून मी आधीच वदवून घेतले होते. ते नवा चष्मा लावून घाटाच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभे राहिले. मांगीलालही आला होता. त्याने मालतीताईंच्या बाटलीत जल भरून दिले. संकल्प त्यांनी सोडला. भाऊजी शेजारी हात जोडून उभे होते. मग नदी उजव्या हाताला घेऊन दोघे निघाले. पुढे त्या, मागे गाठोडे घेतलेले आमचे गोलकीपर.

"अगं, जरा हळू," पन्नास पावलांवरच भाऊजी म्हणाले. "जबलपूर कुठे पळून चाललंय का?"

मालतीताईंनी मागे वळून पाहिले नाही. आठ वर्षे उशिरा निघालेल्या माणसाला तेवढी सवड नसते.